‘हे सध्या इथेच राहू द्या’: मेसची दरवाढ आणि एका निवडून आलेल्या सरचिटणिसाचे १९ दिवस

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातील एका निवासी उच्चशिक्षण संस्थेत घडले. संस्था आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. ज्या विद्यार्थिनीची ही हकीकत आहे तिने मसुदा वाचून संमती दिली आहे. मी त्या वर्षी विद्यार्थी मंडळाचा खजिनदार होतो आणि ज्या बैठकीतून हे सारे उद्भवले त्या बैठकीत तिच्या शेजारीच बसलो होतो. वाचकाने माझे म्हणणे हे लक्षात ठेवून वाचावे.

पार्श्वभूमी

गेल्या ३० वर्षांत महाराष्ट्रात महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या बहुतेकांनी विद्यार्थी प्रतिनिधी निवडण्यासाठी कधी मतदान केलेले नाही. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेच्या आधारे वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली आणि प्रत्यक्ष निवडणुका बंद झाल्या. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, २०१९ मध्ये त्यांची तयारीही सुरू झाली, पण विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ती थांबली. त्यामुळे पुण्यात विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी भेटतो तो प्रामुख्याने अशा संस्थांमध्ये, ज्यांच्या विद्यार्थी मंडळाला स्वतःची घटना आहे आणि जिथे ही प्रथा खंड न पडता चालत आली आहे. आमची संस्था त्यांपैकी एक.

निवडणूक लिंगडोह समितीच्या, म्हणजे विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवण्यासाठी नेमलेल्या समितीच्या, शिफारशींनुसार होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये या शिफारशी बंधनकारक केल्या. उमेदवाराला ५,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही, छापील फलक लावता येत नाहीत, अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतची सारी प्रक्रिया १० दिवसांत संपवावी लागते आणि पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येते. या शेवटच्या अटीचा परिणाम पुढे दिसेल. आमचे ८६० मतदार होते. मराठवाड्यातून आलेली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारी आणि घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच अशी ही विद्यार्थिनी २२ मतांनी सरचिटणीस म्हणून निवडून आली आणि १ सप्टेंबरला तिने काम हाती घेतले. तिच्या हस्तलिखित पत्रकावर तीन आश्वासने होती आणि त्यांतले पहिले असे होते: ‘प्रत्येक बैठकीत काय झाले ते तुम्हाला त्याच दिवशी कळेल.’

सरचिटणिसाचा दिवस

पदाची कल्पना येण्यासाठी तिची वही पाहिली पाहिजे. आलेली प्रत्येक तक्रार ती तारीख घालून एका दोनशे पानी वहीत लिहीत असे, आणि सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांत तिच्यात १४३ नोंदी झाल्या. बाहेरच्यांना प्रतिनिधीचे काम म्हणजे घोषणा, निवेदने आणि संचालकांच्या दालनातल्या भेटी असे वाटते; वहीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी मात्र अशा आहेत ज्यांचा कोणत्याही धोरणाशी संबंध नाही. पीएमपीएमएलच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, पाससाठी लागणारे बोनाफाईड प्रमाणपत्र कार्यालयात आठवडाभर पडून आहे. मुलींच्या वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळी साडेसातनंतर पाणी चढत नाही. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज संस्थेच्या पातळीवर अडकला आहे आणि मुदत परवा संपते आहे. एका मार्गदर्शकाने दोन महिने मसुदा वाचलेला नाही, पण त्याचे नाव घ्यायला विद्यार्थी तयार नाही. सप्टेंबरच्या एका रात्री तापाने फणफणलेल्या प्रथम वर्षाच्या मुलाला रिक्षात घालून औंधच्या जिल्हा रुग्णालयात नेणे आणि डेंग्यूच्या चाचणीचा अहवाल येईपर्यंत त्याच्या आईशी फोनवर बोलत राहणे, याचीही त्याच वहीत एका ओळीची नोंद आहे.

या कामाला वेळ ठरलेली नसते. सकाळी प्रयोगशाळा, दुपारी कार्यालयाच्या खिडक्या, संध्याकाळी मंडळाची बैठक आणि रात्री साडेदहानंतर, वसतिगृहात सगळे परतल्यावर, खोलीच्या दारावर थाप. अभ्यास उरतो तो मध्यरात्रीनंतरचा. मंडळाला एक छोटी खोली, एक संगणक आणि वर्षाला एक तुटपुंजे अनुदान मिळत असे; मानधन, हजेरीत सवलत किंवा परीक्षेत सूट यांपैकी काहीही नव्हते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पुढे जो निर्णय चुकला तो कोणत्या थकव्यात घेतला गेला हे समजण्यासाठी ते सांगणे आवश्यक आहे, कारण अशा प्रकरणांची चर्चा करताना आपण निर्णय घेणाऱ्याला नेहमी ताजातवाना आणि वेळ हाताशी असलेला समजून चालतो.

दरवाढीचा प्रश्न

दोन्ही वसतिगृहांना मिळून एक मेस होती आणि तिथे ६४० विद्यार्थी जेवत. दर महिना ३,६०० रुपये, म्हणजे पाच महिन्यांच्या सत्राला १८,००० रुपये, आगाऊ भरावे लागत. ऑक्टोबरमध्ये ठेकेदाराने लेखी कळवले की भाजीपाला, तेल, गॅस आणि मजुरी यांच्या वाढलेल्या खर्चात या दराने जानेवारीपासून मेस चालवता येणार नाही. संस्थेने नवीन निविदा मागवल्या. तीन आल्या: सध्याच्या ठेकेदाराची ४,५०० रुपयांची, एक ४,८०० रुपयांची आणि एका नव्या ठेकेदाराची ४,३५० रुपयांची. सर्वांत कमी दर धरला तरी सत्राला ३,७५० रुपये जास्त लागणार होते आणि दुसऱ्या सत्राचे पैसे भरण्याची शेवटची तारीख १५ डिसेंबर होती.

३,७५० रुपये ही रक्कम कोणासाठी किती मोठी आहे, हे पुण्यात बाहेरून शिकायला आलेल्यांना वेगळे सांगायला नको. सदाशिव पेठेत आणि नारायण पेठेत महिन्याची खानावळ लावून दोन वेळचे भागवणारी, एक डबा दोघांत खाणारी मुले आम्ही सर्वांनी पाहिली होती. आमच्या वसतिगृहातही शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता हाती येईपर्यंत उसनवारीवर दिवस काढणारे कमी नव्हते, आणि तो भत्ता सत्र संपल्यावर येतो हा त्यांचा दरवर्षीचा अनुभव होता.

गुरुवारची बैठक

दिवाळीची सुट्टी सोमवारपासून सुरू होणार होती. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी भोजन समितीची बैठक झाली. समितीत उपकुलसचिव, मुख्य अधीक्षक, लेखाधिकारी, दोन प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांकडून सरचिटणीस व खजिनदार असे सात सदस्य होते. विषयपत्रिकेवर फक्त ‘मेसविषयक बाबी’ एवढेच लिहिले होते. तिन्ही दर आम्ही त्या टेबलावर पहिल्यांदा पाहिले.

सरचिटणिसाने दोन प्रश्न विचारले. दर एवढा का वाढतो आहे, आणि वाढ दोन टप्प्यांत करता येईल का? पहिल्या प्रश्नाला बाजारभावांचे उत्तर मिळाले, दुसऱ्याला ‘पुढच्या बैठकीत पाहू’ असे. मग उपकुलसचिव आम्हा दोघांकडे वळून म्हणाले, “हे सध्या इथेच राहू द्या. दर बाहेर फुटले तर निविदेला काही अर्थ राहणार नाही. अंतिम निर्णय झाला की आपण रीतसर सूचना काढू.” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “ठीक आहे, सर.” मी मान हलवली.

हा पहिला निर्णयबिंदू, आणि तो कोणाला निर्णय वाटलाच नाही. उपकुलसचिवांचे कारण खोटे नव्हते. निविदेचा अंतिम निर्णय होण्याआधी एका ठेकेदाराला दुसऱ्याचा दर कळला तर संस्थेची बाजू खरोखरच कमकुवत होते. पण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींवर एकच झाकण बसले होते. कोणी किती दर भरला हे गुप्त ठेवणे ही एक गोष्ट. दर वाढणार आहेत, त्यासाठी प्रक्रिया सुरू आहे आणि १५ डिसेंबरला जास्त पैसे जमवावे लागतील, हे विद्यार्थ्यांपासून लपवणे ही दुसरी. पहिलीची हमी देणे योग्य होते. दुसरीची हमी देण्याचा अधिकार तिला नव्हता, कारण ती माहिती ज्यांची होती त्यांनीच तिला त्या खुर्चीवर बसवले होते. हा फरक आम्हाला त्या टेबलावर सुचला नाही. बैठक २५ मिनिटांत संपली, तिला ४ वाजता प्रयोगशाळेत परतायचे होते आणि शनिवारच्या रात्रीच्या गाडीचे आरक्षण होते.

आणखी एक चूक नंतर लक्षात आली. बैठकीचे इतिवृत्त सुट्टीत ईमेलने आले. त्यात ‘दरवाढीच्या आवश्यकतेबाबत उपस्थित सर्व सदस्यांनी तत्त्वतः सहमती दर्शविली’ असे वाक्य होते. तिचे दोन्ही प्रश्न त्यात नव्हते. दुरुस्ती कळवण्यासाठी पाच दिवसांची मुदत होती. तिने ते इतिवृत्त गावी, भाऊबीजेच्या दिवशी, फोनच्या छोट्या पडद्यावर वरवर वाचले. मी ते उघडलेदेखील नाही.

बातमी फुटते

सुट्टी संपून सोमवारी सगळे परतले. मंगळवारी, म्हणजे बैठकीनंतर १९ व्या दिवशी, रात्री पावणेअकराच्या सुमारास वसतिगृहाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर इतिवृत्ताच्या दुसऱ्या पानाचे छायाचित्र आले. ‘सर्व सदस्यांनी’ या शब्दांखाली लाल रेघ होती आणि उपस्थितांच्या यादीतल्या तिच्या नावाभोवती वर्तुळ. पहाटे दोनपर्यंत ४०० हून अधिक संदेश आले. सर्वांत जास्त वेळा आलेले वाक्य तीन शब्दांचे होते: ‘ताई मॅनेज झाली.’

ज्यांनी विद्यार्थी चळवळीत थोडेही काम केले आहे त्यांना या शब्दाचे वजन माहीत आहे. ‘चुकली’, ‘कमी पडली’, ‘घाबरली’ हे सर्व आरोप सहन करता येतात. ‘मॅनेज झाली’ म्हटल्यावर तिने आजवर केलेल्या प्रत्येक कामाचा अर्थ मागे जाऊन बदलतो. ज्या मुलाला तिने रुग्णालयात नेले होते त्याच्याच खोलीतल्या एकाने त्या रात्री विचारले की प्रशासनाच्या गाडीऐवजी रिक्षा का बोलावली, त्यातही काही होते का? मला येथे हेही नोंदवायचे आहे की त्या यादीत माझेही नाव होते, तरी माझ्याबद्दल जेमतेम दहा-बारा संदेश आले आणि त्यांत माझ्या चारित्र्याचा किंवा मी कोणाच्या केबिनमध्ये किती वेळ बसतो याचा उल्लेख नव्हता. तिच्याबद्दल होता. एकच चूक दोघांनी केली आणि तिची किंमत दोघांना सारखी मोजावी लागली नाही.

मंडळाच्या घटनेनुसार एकपंचमांश सदस्यांच्या, म्हणजे १७२ जणांच्या सह्या मिळाल्या तर सात दिवसांत विशेष आमसभा घ्यावी लागते. बुधवारी संध्याकाळपर्यंत २३० सह्या झाल्या. विषय एकच होता: सरचिटणिसाला परत बोलावणे, म्हणजे पदावरून काढणे.

समोरचे पर्याय

बुधवारी रात्री मंडळाचे आम्ही पाच जण त्या छोट्या खोलीत बसलो.

पहिला पर्याय तत्काळ राजीनाम्याचा होता. तो स्वच्छ वाटत होता आणि तिला स्वतःला तोच हवा होता. पण अंतिम दराची बैठक नऊ दिवसांवर होती. नव्या निवडणुकीला अर्जापासून निकालापर्यंत १० दिवस धरले आणि पुढे सत्र परीक्षा होती हे लक्षात घेतले, तर त्या बैठकीत विद्यार्थ्यांची एक खुर्ची रिकामीच राहिली असती आणि दुसरीवर मी असतो, ज्याने इतिवृत्त उघडलेच नव्हते.

दुसरा पर्याय मेसवर बहिष्काराचा. सह्या गोळा करणाऱ्यांपैकी अनेकांना तोच हवा होता. पुण्यात विद्यार्थ्यांच्या लढ्याचा विषय निघाला की २०१५ मध्ये फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संचालन मंडळाच्या अध्यक्षपदावरील नियुक्तीविरुद्ध झालेला १३९ दिवसांचा संप कोणीतरी काढतोच, आणि तसा तो त्या रात्रीही निघाला. मात्र तिथे बहिष्कार वर्गांवर होता, इथे तो ताटावर असणार होता. पैसे आगाऊ भरलेले असताना बाहेर जेवायचे म्हणजे दुप्पट खर्च, आणि तो खर्च सर्वांत आधी त्यांना झेपला नसता ज्यांच्यासाठी बहिष्कार पुकारायचा होता. सरचिटणिसाने हा पर्याय नाकारला आणि माझ्या मते त्या आठवड्यातला तिचा सर्वांत नेमका निर्णय तो होता.

तिसरा पर्याय विद्यार्थी तक्रार निवारण समितीचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कार्यालयीन दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसल्यास १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे अपील आणि त्यावर ३० दिवसांत निर्णय. मार्ग रीतसर होता, पण अपिलापर्यंत गेलो असतो तर १५ डिसेंबर केव्हाच उलटून गेला असता. शिवाय त्या समितीत विद्यार्थी असतो तो विशेष निमंत्रित म्हणून, गुणवत्तेवर नामनिर्देशित झालेला. निवडून आलेल्या प्रतिनिधीला तिथे हक्काची जागा नाही.

चौथा पर्याय तिने स्वतः मांडला. आधी सगळे लिहून जाहीर करायचे, त्यानंतर आमसभेला सामोरे जायचे, आणि मधल्या दिवसांत दर नेमका कशाने वाढतो आहे याचा हिशेब स्वतः काढायचा. पाचपैकी दोघांचा याला विरोध होता. त्यांचे म्हणणे होते की लेखी कबुली दिली की परत बोलावण्याचा ठराव नक्की मंजूर होईल. ती म्हणाली, “होऊ दे. पण माझ्याकडून नीट ऐकून मग होऊ दे.”

काय केले गेले

गुरुवारी सकाळी मेसच्या दारावर आणि दोन्ही वसतिगृहांच्या फलकांवर दोन पानी हस्तलिखित निवेदन लागले. बैठक कोणत्या दिवशी झाली, तिथे काय सांगितले गेले, तिने काय विचारले, काय मान्य केले आणि इतिवृत्तातील वाक्य तिने का दुरुस्त केले नाही, हे त्यात तारखांसह होते. तिन्ही ठेकेदारांचे दर मात्र त्यात नव्हते. तेवढा शब्द तिने पाळला. सबब एकही नव्हती. शेवटच्या परिच्छेदात तिच्या पत्रकावरचे पहिले आश्वासन जसेच्या तसे उतरवून खाली लिहिले होते: ‘हे मी मोडले.’ माझ्या सांगण्यावरून माझीही सही त्यावर होती. त्याच दिवशी तिने उपकुलसचिवांना पत्र देऊन इतिवृत्ताला लेखी हरकत नोंदवली. मुदत टळल्यामुळे मूळ इतिवृत्त बदलले नाही. हरकत पुढच्या बैठकीपुढे ठेवण्यात आली.

हिशेबाचे काम त्याहून अवघड होते आणि तिथेच या प्रकरणाला वळण मिळाले. शुक्रवारी आणि शनिवारी दुपारी, भांडी घासण्याच्या वेळेला, ती मेसच्या मागच्या पडवीत बसली. पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी तिला सांगितले की रविवारी रात्री निम्मी कणीक परत जाते. मेसच्या मॅनेजरकाकांनी थोडे आढेवेढे घेऊन दुसरी गोष्ट सांगितली: संस्था ठेकेदाराचे बिल दोन-दोन महिने उशिरा चुकते करते, तोवर किराणा उधारीवर आणावा लागतो आणि उधारीचा भाव वेगळा असतो. तिसरी गोष्ट ठेक्याच्या जुन्या प्रतीत सापडली. स्वयंपाकघराच्या जागेपोटी संस्था ठेकेदाराकडून दरमहा ७०,००० रुपये घेत होती. ६४० जणांत वाटले तर माणशी जवळजवळ ११० रुपये होतात. याचा अर्थ असा की विद्यार्थी जेवणाचे म्हणून जे पैसे देत होते त्यांतले ११० रुपये भाड्याच्या रूपाने फिरून संस्थेकडेच जात होते. तीन वर्षांत ही बाब कोणत्याही प्रतिनिधीने विचारली नव्हती.

रविवारी रात्री तिने आणि चार स्वयंसेवकांनी मेसच्या दारात उभे राहून डोकी मोजली. ६४० पैकी २४० जण जेवायला आले. पहिला सोपा उपाय सुचतो तो रविवारची रात्र बंद ठेवण्याचा, आणि आमच्यापैकी बहुतेकांना तो पटला होता. तिने मात्र आलेल्यांना विचारले की तुम्ही बाहेर का गेला नाहीत, आणि उत्तर जवळपास सर्वांचे एकच होते. ज्यांच्याकडे बाहेर जेवायला पैसे नव्हते तेच आत होते. मेस बंद ठेवली असती तर बचत ४०० जणांची आणि भुर्दंड २४० जणांना बसला असता. म्हणून प्रस्तावात रविवारच्या रात्री पूर्ण ताटाऐवजी खिचडी-कढी असे बदलण्यात आले.

सोमवारच्या आमसभेला ४१२ जण होते. तिने ११ मिनिटे भाषण केले, त्यातली सात मिनिटे या हिशेबावर होती. मतदान गुप्त झाले. परत बोलावण्याच्या बाजूने २११, विरोधात १८७, तटस्थ १४. घटनेनुसार तटस्थ वगळून मतदान करणाऱ्यांच्या दोनतृतीयांश, म्हणजे २६६ मते आवश्यक होती. ठराव फेटाळला गेला.

नियमाने ती पदावर राहिली, पण खोलीतल्या बहुमताने तिला नको म्हटले होते. हा दुसरा मोठा निर्णयबिंदू. निकाल वाचून होताच ती उठली आणि तिने जाहीर केले की दराचा निर्णय लागेपर्यंत आणि नवा ठेका सुरू होऊन एक महिना होईपर्यंत ती काम करेल, ३१ जानेवारीला राजीनामा देईल, आणि तोपर्यंत प्रत्येक बैठकीला मंडळाबाहेरचा एक विद्यार्थी निरीक्षक म्हणून यावा अशी मागणी करेल. निरीक्षकाची मागणी प्रशासनाने मान्य केली नाही. त्याऐवजी बैठक संपल्यावर दोन तासांत तोंडी वृत्तांत देण्याची तिची पद्धत सुरू झाली. मेसच्या पायऱ्यांवर उभी राहून ती वहीतून वाचत असे.

निष्पत्ती

शुक्रवारच्या बैठकीत तिने चार मुद्दे मांडले: जागेचे भाडे माफ करावे, ठेकेदाराचे बिल १० दिवसांत द्यावे, रविवारची रात्र साधी करावी आणि महिन्याच्या चार फीस्टपैकी, म्हणजे खास जेवणांपैकी, दोनच ठेवाव्यात. लेखाधिकाऱ्यांनी रास्त अडचण काढली की निविदा उघडल्यानंतर अटी बदलून एकाच ठेकेदाराशी बोलता येत नाही. मग बदललेल्या अटी तिघांनाही कळवून पाच दिवसांत सुधारित दर मागवण्याचे ठरले. नव्या ठेकेदाराचा दर ४,०५० रुपये आला. त्याने दिलेल्या तक्त्यानुसार भाड्यामुळे ११०, रविवारमुळे ९०, बिल वेळेवर मिळण्यामुळे ७० आणि फीस्टमुळे ३० रुपये कमी झाले होते. सत्राची रक्कम २०,२५० रुपये झाली, म्हणजे वाढ ३,७५० वरून २,२५० वर आली. सत्राची रक्कम ६,७५० रुपयांच्या तीन हप्त्यांत भरण्याची मुभा मिळाली, आणि शिष्यवृत्ती प्रलंबित असलेल्या ४१ जणांना भत्ता जमा होईपर्यंत मुदत मिळाली.

सगळेच साधले नाही. खाड्याची, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होण्याची, अट सैल करण्याची मागणी मान्य झाली नाही. सलग पाच दिवस गैरहजर असल्याशिवाय आणि तीन दिवस आधी सांगितल्याशिवाय खाडा धरला जात नाही, हा नियम तसाच राहिला. फेब्रुवारीत ठेकेदाराचे एक बिल पुन्हा महिनाभर रखडले. जुन्या ठेकेदाराकडच्या सहा मावशींपैकी चौघींनाच नव्याने कामावर घेतले. कामगारांना सामावून घेण्याची अट आम्ही प्रस्तावात घालायला हवी होती आणि ती कोणालाही सुचली नाही. ज्यांच्या सांगण्यामुळे दर कमी करण्याचा रस्ता सापडला त्यांतल्या दोघींचे काम गेले, ही गोष्ट मला आजही सलते.

तिने ठरल्याप्रमाणे ३१ जानेवारीला राजीनामा दिला. त्या सत्रात तिचा एक विषय राहिला आणि तो तिने पुढच्या वर्षी सोडवला. पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येत असल्यामुळे मतदारांपुढे पुन्हा जाऊन कौल मागण्याची वाट तिला उरली नव्हती. ‘मॅनेज झाली’ म्हणणाऱ्यांपैकी काहींनी नंतर वैयक्तिकरीत्या माफी मागितली, गटावर मात्र कोणी काही लिहिले नाही.

काय वेगळे करता आले असते

गुरुवारच्या बैठकीत ‘ठीक आहे, सर’ याच्या जागी एक वाक्य बोलता आले असते: ‘आकडे बाहेर जाणार नाहीत, पण दरवाढीचा विचार सुरू आहे आणि डिसेंबरची रक्कम वाढू शकते, हे आम्ही आजच सांगणार आहोत.’ मला वाटते उपकुलसचिवांनी थोडी नाराजी दाखवून ते मान्य केले असते. त्याहून चांगले म्हणजे अशी अट बैठकीत सुचण्याची वाट न पाहता सप्टेंबरमध्ये, समितीवर नाव जातानाच, लेखी कळवायला हवी होती. विषयपत्रिकेत ‘मेसविषयक बाबी’ असे मोघम लिहिलेले पाहून कागदपत्रे आधी मागणे हेही आमचेच काम होते. इतिवृत्ताच्या बाबतीत दोघांनी वाटून घेतले असते, एकाने बैठकीत टिपणे घ्यायची आणि दुसऱ्याने इतिवृत्त त्यांच्याशी ताडून पाहायचे, तर ते वाक्य सुट्टीतही निसटले नसते.

प्रशासनाकडूनही एक गोष्ट वेगळी होऊ शकली असती. जेवणाचा दर हा परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसारखा गोपनीय विषय नाही. निविदा मागवतानाच सूचना लावली असती तर इतिवृत्ताचे पान कोणाला चोरून टिपावेसे वाटले नसते.

एका मुद्द्यावर तिचे आणि माझे अजून एकमत नाही. राजीनाम्याची तारीख आधी जाहीर केल्यामुळे डिसेंबरनंतर कार्यालयाने तिचे ऐकणे कमी केले, फेब्रुवारीतले रखडलेले बिल हा त्याचाच परिणाम, आणि ठराव फेटाळला गेल्यावर तिने वर्ष पूर्ण करायला हवे होते, असे मला वाटते. तिचे म्हणणे असे की २११ जणांनी नको म्हटल्यावर दोनतृतीयांशाच्या नियमाआड उभे राहून वर्ष काढणे तिला जमले नसते, आणि तारीख दिली म्हणूनच त्या शुक्रवारच्या बैठकीत तिच्या मागे विद्यार्थी उभे राहिले. मसुदा वाचून परत पाठवताना या परिच्छेदाशेजारी तिने पेन्सिलीने लिहिले होते, ‘असहमत, पण राहू दे.’

मार्चमधल्या आमसभेने मंडळाच्या घटनेत एक कलम घातले: कोणत्याही समितीवर बसलेल्या प्रतिनिधीने बैठकीनंतर २४ तासांत, निविदेतील दर आणि व्यक्तींची खासगी माहिती वगळून, लेखी वृत्तांत फलकावर लावावा आणि बैठकीच्या सुरुवातीलाच या बंधनाची नोंद करून घ्यावी. कुलसचिव कार्यालयाने हे कलम अद्याप मान्य केलेले नाही. त्यानंतर आलेला प्रत्येक सरचिटणीस बैठकीला बसताना त्याची एक प्रत टेबलावर ठेवतो आणि इतिवृत्तात तशी नोंद मागतो. काही वेळा ती होते, काही वेळा होत नाही.